उमेदवार, मुक्काम पोस्ट आजीचं घर

२५ एप्रिल, शनिवार

ही डायरी पशुखाद्याच्या दुकानातून फुकट मिळाली. आजपर्यंत हिच्यात फक्त कोंबड्यांची अंडी लिहीत होते. आजपासून इतिहास लिहायचा. मी सहावीपर्यंतच शिकले, तेव्हा अक्षराला नावं ठेवायची नाहीत. ठेवणार कोण म्हणा, वाचणारी मीच.

आज आगीच्या बंबवाल्यांच्या हॉलमध्ये रानलसणीचं जेवण होतं. आमच्या वेस्ट व्हर्जिनियात वसंतात हे जेवण जो उमेदवार चुकवतो, त्याला मत मिळत नाही. माझा नातू केस्टर राज्याच्या सिनेटला उभा आहे. त्याने तीन ताटं संपवली. बटाटे, घेवडा, मक्याचा पाव आणि वर ढीगभर रानलसूण. तसाच उठून नदीपलीकडे गेला, मेथडिस्ट बायकांच्या सभेत भाषण करायला. त्या बिचाऱ्या जेवायला आल्या नव्हत्या. म्हणे सगळ्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि तिथूनच ऐकलं. याला म्हणतात आदर.

माझी नणंद व्होंडा म्हणाली, वहिनी, आदर नव्हे, वास. तिचं पहिल्यापासून असंच. आमच्या ह्यांच्या मयताच्या दिवशीसुद्धा तिने माझ्या पावात मीठ कमी आहे म्हणून सांगितलं होतं.

परत येताना गाडीत केस्टरने एक गोष्ट सांगितली. त्याच्या बायकोच्या, जनेलच्या, भावाने नॉर्थ कॅरोलायनात एसी बसवायच्या कंपनीत त्याच्यासाठी जागा बघून ठेवली आहे. इथे निवडून आला तर राहणार. नाही आला तर थँक्सगिव्हिंगच्या आधी दोघं जाणार.

माझी दोन मुलं ओहायोत. मुलगी कॅरोलायनातच, ती नाताळला कार्ड पाठवते. केस्टरचा बाप वर टेकडीवर, चर्चच्या मागे, दगडाखाली. ज्याला पाय होते तो या दरीतून निघून गेला. एक केस्टर राहिलाय.

तेव्हा ठरलं. केस्टर निवडून येणार. त्याला मी निवडून आणणार.

१२ मे, मंगळवार

पक्षातली, उमेदवार ठरवायची निवडणूक केस्टर जिंकला! दणदणीत. समोरचा माणूस मार्चमध्येच सगळं सोडून फ्लोरिडाला गेला होता, फक्त त्याचं नाव छापलेलं राहिलं होतं. तरी त्यालाही मतं पडली म्हणे. लोक कुणालाही मत देतात.

आता नोव्हेंबरला स्किडमोर नावाच्या माणसाशी सामना. त्याचा लाकडाचा कारखाना आहे आणि दात फार पांढरे आहेत. मला भीती वाटत नाही.

१७ मे, रविवार

चर्चनंतर व्होंडाने मला नियम समजावला. मी विचारलं नव्हतं. आमच्या मतदारसंघात चार काउंट्या आणि सिनेटर दोन. एक या वर्षी निवडायचा, दुसरा दोन वर्षांनी. पण दोघं एकाच काउंटीचे चालत नाहीत. दुसरा आत्ता बसलेलाच आहे, टीटर, तो आमच्या लॉरेल काउंटीचा. त्याचं घर चर्चच्या वळणावर, कुंपणाला पांढरा रंग. केस्टर नदीपलीकडे बर्च काउंटीत भाड्याच्या घरात राहतो, म्हणून त्याला उभं राहता आलं.

मी म्हटलं, केस्टर माझ्या मागच्या खोलीत जन्मला, हे अख्ख्या दरीला माहीत आहे. व्होंडा म्हणाली, जन्माचं नाही, राहण्याचं विचारतात. असले नियम लांबच्या लोकांसाठी असतात. पूल ओलांडायला दहा मिनिटं लागतात.

१४ जून, रविवार

केस्टर वाळला आहे. चारही काउंट्या फिरतो आणि पेट्रोल पंपावरचे हॉट डॉग खातो. आज त्याला पुलापाशी गाठून चिकन आणि मऊ पावासारखी बिस्किटं दिली, तर ती त्याने गाडीपाशी उभ्या उभ्याच खाल्ली. मी म्हटलं, नोव्हेंबरपर्यंत माझ्याकडेच राहायला ये. जनेलला घेऊन ये. गरम जेव, अंथरुणात झोप, मग बघ कसा जिंकतोस.

त्याने खरकटा हात माझ्या खांद्यावर ठेवला. "अगं आजी, टीटर तुझ्या गावचा आहे. मी तुझ्या घरी राहायला आलो की खलास. नोव्हेंबरपर्यंत मला नदीच्या त्या अंगालाच राहू दे."

नोव्हेंबरपर्यंत तो दिसेनासा होईल, हे त्याला कोण सांगणार.

४ जुलै, शनिवार

परेड. उमेदवार गाडीतून टॉफ्या फेकतात, मुलं वेचतात. टॉफीने कुणाचं पोट भरतं? मी पहाटे उठून पेपरोनी घातलेले पाव भाजले आणि केस्टरच्या पिकअपमध्ये मागे बसून तेच फेकले. लोकांनी फार दाद दिली. एक पाव बॅण्डमधल्या मोठ्या भोंग्यात गेला. व्होंडा म्हणाली, भोंगेवाल्याचं अख्खं घर आता स्किडमोरला मत देणार. मी म्हटलं, त्याला पाव तर मिळाला.

केस्टर मला म्हणाला, आजी, पुढच्या वेळी जरा हळू फेक. पुढच्या वेळी म्हणाला! म्हणजे दोन-चार वर्षांचं मनात आहे.

२ ऑगस्ट, रविवार

आज पायरीवरून पडले. फार नाही. आमच्याकडे पायरी एकच आहे.

केस्टरची गाडी वळणावर दिसली आणि तेवढ्यात तोल गेला. गुडघा. त्याने मला उचलून आत नेलं. बापावर गेलाय. डॉक्टरांनी फोटो काढला आणि काही मोडलेलं नाही म्हणाले. म्हातारीचं दुखणं मशीनला काय दिसणार.

केस्टरने विचारलं, आजी, एकटी राहशील ना? मी म्हटलं, राहीन हो. राहतेच आहे. सरपण आणताना दोनदा बसावं लागेल एवढंच. कोंबड्यांना दाणे घालताना पडले तर सकाळी व्होंडाला सापडेन.

३ ऑगस्ट, सोमवार

केस्टर आणि जनेल राहायला आले!!

गुडघा बरा होईपर्यंतच, असं त्याने निक्षून सांगितलं. अटी घातल्या. नदीपलीकडचं घर सोडायचं नाही. पत्रं तिकडेच येणार. बॅग भरलेलीच ठेवायची. आणि आजी, कुणाला सांगायचं नाही.

मी कुणाला सांगणार? व्होंडाला सांगितलं, ती घरचीच.

९ ऑगस्ट, रविवार

चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी, कुणाला आभार मानायचे आहेत का असं पाद्रीबाबांनी विचारलं. मी उठून देवाचे आभार मानले. आता देवापासून काय लपवायचं. आवाज जरा मोठा झाला असेल. उठताना गुडघ्याचं ध्यानात राहिलं नाही, व्होंडाने बरोबर पाहिलं.

२० ऑगस्ट, गुरुवार

घरात माणसं आहेत. सकाळी उठून दोनाऐवजी सहा अंडी फोडायची म्हणजे काय असतं, हे मी विसरले होते.

जनेलचे कपडे कपाटात लावले आणि बॅग माळ्यावर टाकली. तिने ती खाली आणून पुन्हा भरली. मुलगी भिडस्त आहे, जागा अडवायची नाही म्हणते. मी पुन्हा माळ्यावर टाकली.

गुडघा सकाळी बरा असतो. संध्याकाळी पिकअप दारात आली की उचल खातो.

केस्टरचं वजन वाढलंय. स्किडमोरचं काही खरं नाही.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

झोपेतून उठतानाच कल्पना सुचली. पाउंडिंग! आमच्याकडे गावात कुणी नवं राहायला आलं की चर्चचे लोक घरटी एकेक पौंड काहीतरी आणतात. पीठ, साखर, कॉफी, ज्याला जे जमेल ते. नव्या संसाराची कोठी भरते आणि ओळखी होतात. केस्टरचं पाउंडिंग केलं तर अख्खं गाव त्याला घरचा समजेल. माझ्यासारखा प्रचार स्किडमोरला सात जन्मात जमायचा नाही.

केस्टरला सांगायचं नाही. तो नको म्हणेल. लाजतो.

६ सप्टेंबर, रविवार

सगळं ठरवल्याप्रमाणे झालं. लांबच्या काउंटीत त्याची सभा होती. मी निरोप धाडला, चर्चच्या तळघरात मतदार जमलेत, लगेच ये. खोटं नव्हतं, सगळे मतदारच होते.

तो दारात आला आणि सगळे एका सुरात ओरडले. भिंतीवर मी चादरीवर रंगवलेला फलक होता. लॉरेल काउंटीचा केस्टर घरी आला. अक्षरं शेवटी शेवटी बारीक झाली होती, चादर संपत आली म्हणून. टेबलावर पीठ, साखर, मीठ, घेवडा, टीटरांनी आणलेली कॉफी.

हो, खुद्द सिनेटर टीटर आले होते. ते विरोधी पक्षाचे, स्किडमोरचे दोस्त, तरी आले. केस्टरचा हात हातात घेऊन "या शेजारी, या" म्हणाले आणि कितीतरी वेळ हात सोडलाच नाही. साप्ताहिकाच्या बाईने फोटो काढला. टीटरांनी तिला फलक नीट आलाय का म्हणून दोनदा विचारलं. एवढं मोठं मन हल्ली दिसत नाही.

केस्टर भावनेने पांढरा पडला होता. जनेल बाहेर गाडीत जाऊन बसली. तिचंही मन भरून आलं असणार.

१० सप्टेंबर, गुरुवार

फोटो पहिल्या पानावर! खाली लिहिलंय, लॉरेलचे नवे रहिवासी. मी तीन अंक घेतले. एक ओहायोला पाठवला, म्हणजे त्यांनाही कळेल की कुणीतरी परत येतं.

जेवताना जनेल एवढंच म्हणाली, "आजी, तुम्ही खरंच..." आणि उठून भांडी घासायला लागली. केस्टर उशिरापर्यंत फोनवर वकिलाशी बोलत होता. मोठ्या माणसांना वकील लागतातच.

२३ सप्टेंबर, बुधवार

स्किडमोरने कोर्टात दावा लावला. म्हणे केस्टर आता लॉरेलचा, टीटरही लॉरेलचा, तेव्हा केस्टरला बाद करा. पुराव्याला माझा फलक! एवढ्या मेहनतीने रंगवला, त्याचं हे.

व्होंडा म्हणाली, वहिनी, तुला मे महिन्यात सांगितलं होतं. मी म्हटलं, तू मे महिन्यात पुष्कळ काय काय सांगतेस.

मला साक्षीला बोलावलंय. जन्मात पहिल्यांदा कोर्टात. निळा ड्रेस घालीन. केस्टरचा वकील आला होता, चांगला आहे, माझे दोन पाय खाऊन गेला. सफरचंदाचे. त्याने सांगितलं, आजी, एकच वाक्य पाठ करा. गुडघ्यासाठी आलाय, बरं वाटलं की परत जाणार आहे. एवढं म्हटलंत की आपण जिंकलो. तुमच्या एका वाक्यावर सगळं आहे.

बघा! शेवटी माझ्यावरच आलं ना.

४ ऑक्टोबर, रविवार

कोंबड्यांपुढे वाक्य म्हणून पाहिलं. पहिला अर्धा भाग छान येतो. 'परत जाणार आहे' आलं की मी दाणे टाकायला लागते. तेवढा भाग हळू म्हणेन.

८ ऑक्टोबर, गुरुवार

कोर्ट झालं. सगळं गाव आलं होतं, व्होंडा पहिल्या बाकावर. मी काठी घेऊन लंगडत गेले, बायबलवर हात ठेवला आणि वाक्य म्हटलं. शेवटपर्यंत. केस्टरने डोळे मिटून श्वास सोडला, तो मी पाहिला.

मग स्किडमोरचा वकील उठला. कोवळा, बूट चकचकीत, बोलणं मधासारखं. माझ्या ड्रेसची तारीफ केली. मुलं कुठे असतात विचारलं. मी सांगितलं, ओहायो. मुलगी? कॅरोलायना. येतात का? मी म्हटलं, कामं असतात. त्याने फार वाईट वाटल्यासारखी मान हलवली.

"म्हणजे केस्टरही त्यांच्यासारखाच. चार दिवसांचा पाहुणा. गुडघा बरा झाला की तोही निघून जाणार, आणि तुम्ही पुन्हा एकट्या. असंच ना, आजी?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. व्होंडासुद्धा, आणि तिच्या चेहऱ्यावर दया होती. ती मला सहन होत नाही.

"पाहुणा?" मी म्हटलं. "माझ्या घरात माझा नातू पाहुणा? तो कुठेही जाणार नाही. मी मरेपर्यंत तो इथेच राहणार आणि मग घर त्याचंच आहे."

"आणि गुडघा?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय?" म्हणून मी उठून दाखवलं. काठी तिथेच राहिली.

साक्षीच्या जागेवरून खाली उतरले आणि ताठ चालत व्होंडाशेजारी जाऊन बसले. त्या पोराचं तोंड बंद केलं मी. केस्टरच्या वकिलाने तर कामच झालं म्हणून बॅग बंद केली.

केस्टर जमिनीकडे बघत होता. प्रार्थना करत असावा.

१४ ऑक्टोबर, बुधवार

जज्जसाहेबांनी निकाल दिला. केस्टर बाद. मतपत्रिका छापून झाल्यात, म्हणून नाव राहणार, पण त्याची मतं मोजणार नाहीत.

मी केस्टरला म्हटलं, मी परत जाऊन सांगते की मला वयामुळे समजलं नाही. तो स्वयंपाकघरात उभा होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. "नको आजी," म्हणाला. "तू शपथ घेऊन खरं बोललीस. तुला तेच हवं होतं."

मग त्याने सरपण आणून ठेवलं. पुष्कळ आणलं. एका हिवाळ्याला लागतं त्याहून जास्त.

१७ ऑक्टोबर, शनिवार

हार मानायची नाही. नाव छापलेलं आहे ना? मग एवढी मतं पाडायची की मोजावीच लागतील. ढीग टेबलावरून सांडायला लागला तर कोण म्हणेल मोजत नाही? मतं मशीनवर देतात, ढीग होत नाही, असं व्होंडा म्हणते. तिला बारीकसारीक फार माहीत.

अंगणात तांब्याचा हंडा लावला आणि सफरचंदं आटवली. दिवसभर ढवळायचं, हात थांबला की खाली लागतं. केस्टर दरवर्षी ढवळायला यायचा. आज आला नाही. व्होंडाने न बोलता दुसरा दांडा धरला.

२४ ऑक्टोबर, शनिवार

व्होंडाच्या गाडीतून दारोदार आटवलेल्या सफरचंदांच्या बरण्या वाटल्या. सगळे घेतात, गालाला गाल लावतात, केस्टर गुणी पोरगा आहे म्हणतात, आणि मग माझ्याकडे बघायचं टाळतात. टीटरांच्या घरीही दिली. त्यांनी आनंदाने घेतली. परत येताना मला वाटलं, ती द्यायला नको होती.

गाडीत व्होंडाला म्हटलं, त्याने नोव्हेंबरपर्यंत नदीपलीकडेच थांबायला काय हरकत होती? मी त्याला थोडंच ओढून आणलं? व्होंडा पुढे रस्ता बघत म्हणाली, "नाही वहिनी. पायरीने आणलं." मी उरलेल्या बरण्या मोजायला लागले.

३ नोव्हेंबर, मंगळवार

मत दिलं. निळा ड्रेस. केस्टरच्या नावावर बोट दाबलं, नीट दाबलं गेलं का म्हणून पुन्हा पाहिलं. बाहेर येऊन अंदाज घेतला. येणारे सगळे माझ्याकडे बघून हसत होते. मला अजून वाटतं होईल.

संध्याकाळी

रेडिओवर आमच्या मतदारसंघाचा निकाल आला. स्किडमोर, एवढी मतं. मग पुढचा मतदारसंघ. केस्टरचं नाव घेतलंच नाही. हरला असंसुद्धा म्हणाले नाहीत. जसा कुणी उभाच नव्हता.

१४ नोव्हेंबर, शनिवार

गेले.

बॅग माळ्यावरून काढायला केस्टरलाच चढावं लागलं. वरून त्याने विचारलं, एवढी लांब कशी गेली ही? मी म्हटलं, उंदीर.

पाउंडिंगचं सामान त्यांचं होतं, पण गाडीत मावेना. मी साखरेची पिशवी सीटखाली कोंबली. केस्टर म्हणाला, आजी, कॅरोलायनात साखर मिळते. मी म्हटलं, ही तुझ्या गावची आहे. तो हसला. मग मला घट्ट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. जनेलनेही धरलं. ती म्हणाली, तुम्हीच या ना आमच्याकडे राहायला. मी म्हटलं, कोंबड्यांना कोण बघणार.

मी पायरीवर उभी होते. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. नीट उभी होते, अगदी सरळ. त्याने आरशात बघितलं असेल तर दिसलं असेल.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. व्होंडा आली. दोघींना टर्की कशाला, म्हणून कोंबडी केली. तिने खाल्ली आणि मीठ बरोबर आहे म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा. मला रडू यायला लागलं.

गेल्या सोमवारपासून गुडघा दुखतोय. खराखुरा, आतून. सुजलाय. सकाळी सरपण आणताना दोनदा बसले. व्होंडाला सांगितलं नाही, तिने विश्वास ठेवला नसता, आणि तिचं चुकलंही नसतं.

दुपारी केस्टरचा फोन आला. कामावर बरं चाललंय. तिकडे थंडी नाही. जनेलने त्या साखरेचा पाय केला, जरा जळला. तो हसला, मीही हसले. मग त्याने विचारलं, "आजी, गुडघा कसा आहे गं?"

मी पाय स्टुलावर घेऊन बसले होते, त्यावर बर्फाची पिशवी.

"छान आहे," मी म्हटलं.

आज अंडी दोन.